अंगठ्याखालची ओळ

तिला ऑफिसात सगळे खेकडी म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. नाव ठेवणाऱ्याला थोडी तरी अक्कल आहे असंच तिचं मत होतं, कारण नाव चपखल होतं. ती ओळ उलटी वाचायची. शेवटच्या शब्दापासून सुरू करायची आणि मागे मागे सरकत पहिल्या शब्दापर्यंत यायची. आणि डिवचलं की चावायची, हेही खरंच होतं.

ऑफिस म्हणजे एका मोठ्या लायब्ररीचं तळघर. वरच्या मजल्यावर जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो निघत. यंत्र त्या फोटोंतली अक्षरं ओळखून मजकूर उतरवून काढी. यंत्राने जिथे माती खाल्ली असेल तिथे ती निस्तरायचं काम तळघरातल्या लोकांचं. पडद्याच्या डाव्या बाजूला पानाचा फोटो, उजव्या बाजूला यंत्राने उतरवलेला मजकूर, आणि मधे ही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि राग त्याच्या जरा वर.

उलटं वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षातच तिच्या लक्षात आलं की सरळ वाचलं की मन पुढे पळतं. डोळे 'तो घरी' इथवर पोचतात तोवर मन 'गेला' म्हणून मोकळं झालेलं असतं. मग तिथे 'गेला' आहे की 'मेला' आहे, बघतो कोण? उलटं वाचलं की मनाला पळायला रस्ताच राहत नाही, एकेका शब्दापाशी थांबून त्याचं तोंड बघावं लागतं. या पद्धतीमुळे तिच्या हातून चूक सहसा सुटत नसे. तोटा एवढाच की तिच्या हाताखालून कपाटंच्या कपाटं गेली, पण एकाही गोष्टीत शेवटी काय झालं हे तिला सांगता आलं नसतं.

तिला राग यायला कारणं भरपूर होती. पातळ कागदाचा राग, कारण त्यातून मागच्या पानाची शाई उलटी होऊन दिसे. या प्रकाराला तळघरात भूत म्हणत. यंत्र बिचारं भुतालाच मजकूर समजून वाचत बसायचं, म्हणून हल्ली फोटो आधी कॉम्प्युटरवर धुऊन पांढरेफटक करत आणि मग यंत्रापुढे ठेवत. तिला पुस्तकांवर पेन्सिलीने रेघा मारणाऱ्या वाचकांचा राग होता, पानाचा कोपरा दुमडणाऱ्यांचा होता, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून "आज काय आणलंय" विचारणाऱ्या शेजारणीचाही होता, कारण ती उत्तर ऐकून घेत नसे.

पण सगळ्यात जास्त राग होता साहेबांचा. वयाने ते तिच्याहून लहान, स्वभावाने गोड. गोड माणसावर राग काढता येत नाही, म्हणून तो साचत जायचा. प्रत्येक वाक्यात टक्केवारी आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून त्यांचंही एक नाव पडलं होतं, टक्केसाहेब. नवं यंत्र आलं त्या दिवशी ते खाली आले आणि सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "आता अख्खं पान वाचायची गरज नाही. यंत्राला जिथे शंका असेल तो शब्द पिवळा होईल. पिवळं तेवढं बघायचं, बाकीचं पास."

"आणि जिथे त्याला शंका नाही, पण चूक आहे, तिथे?" तिने विचारलं.

"तिथे शंका नसते ताई, कारण तिथे नव्याण्णव टक्के खात्री असते."

"खात्री कुणाला?"

"यंत्राला."

"माझ्या चुलतभावालाही खात्री होती, दुकान चालणार म्हणून."

सगळे हसले. साहेबही हसले, आणि त्याचाच तिला राग आला.

जुन्या यंत्राला वाचता आलं नाही की ते काहीतरी भलतंच खरडायचं, वेलांट्या आणि ठिपके आणि आकडे. ते बघून कळायचं की इथे गडबड आहे. नव्या यंत्राला हे कमीपणाचं वाटे. डाग असो, फाटलेलं असो, ते आजूबाजूची वाक्यं बघायचं आणि तिथे शोभेल असं काहीतरी बेमालूम लिहून पुढे जायचं. ती महिनाभर भांडली. अख्खं पान उलटं वाचत राहिली. मग तिची पानं सगळ्यांत कमी होतात असा तक्ता भिंतीवर लागला, आणि एके दिवशी तिनेही दात-ओठ खात पिवळं बघायला सुरुवात केली. पिवळं नसलं की एक बटण दाबायचं. पान पुढे.

घरी तिच्याहून तिखट माणूस होतं. आत्या.

आई-वडील गेल्यावर आत्याने तिला आपल्याकडे आणलं ते एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात तिचं मनगट, आणि वाटेत बसच्या कंडक्टरशी भांडत. भांडण जिंकून खिडकीपाशी बसल्यावर म्हणाली, "बघितलंस? गप्प बसलं की लोकांना वाटतं घरी कुणी नाही." त्या घरात मग दूधवाल्यापासून नळवाल्यापर्यंत प्रत्येकजण दार वाजवण्याआधी जरा घसा साफ करून घेई. आत्याने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणे, "दोघांतला एकच जिवंत राहिला असता, म्हणून सोडून दिलं."

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डोक्यावर हेडफोन चढवून बोर्डापुढे बसायचं आणि दोऱ्या इकडच्या भोकातून काढून तिकडच्या भोकात खुपसत शहराची बोलणी जोडून द्यायची. रिटायर झाल्यावर तिने त्या नोकरीवर एक लहानसं पुस्तक लिहिलं आणि स्वतःच छापून घेतलं. प्रती मैत्रिणींना वाटल्या. शेवटची उरली ती घरात वाळवी लागेल म्हणून लायब्ररीला दिली, तिथे तरी जपतील म्हणून. लायब्ररीने फोटो काढले आणि जीर्ण झालेल्या सगळ्या पुस्तकांबरोबर तीही प्रत लगद्याला पाठवली.

भाचीने ते पुस्तक कधी वाचलं नव्हतं. ज्या बाईच्या तोंडून रोज एक्स्चेंज ऐकायला मिळतंय तिचं छापलेलं कशाला वाचायचं, असं तिला तरुणपणी वाटलं, आणि नंतर राहूनच गेलं. मग आत्याची नजर गेली. त्यामागोमाग आठवणही विरळ होऊ लागली. गोष्टी सांगता सांगता ती मधेच अडे आणि हाताने हवेत काहीतरी चाचपडे, जणू दोरी हातात आहे पण भोक सापडत नाही.

म्हणून लायब्ररीतल्या ऐकण्याच्या खोलीत आत्याचं पुस्तक आल्याचं कळलं तेव्हा ती सुट्टी टाकून आत्याला घेऊन गेली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती खोली होती. टेबल, खुर्ची, हेडफोन, आणि यंत्राच्या सपाट आवाजात वाचलं जाणारं पुस्तक. आत्याने हेडफोन हातात घेऊन आधी दाबून बघितला. "हलका आहे," म्हणाली. "आमचा असा नव्हता." मग तिला जरा डिवचायची हुक्की आली. "माझं पुस्तक वाचायला तुला मशीन लागलं, काय?"

"ऐक आता गुपचूप."

आत्या ऐकू लागली. भाचीने दुसरा हेडफोन लावला. पुस्तक मजेदार होतं, आणि यंत्राच्या आवाजातही आत्याच भांडत होती. ती खुर्चीत ताठ बसली होती आणि मधूनमधून स्वतःच्याच वाक्याला मान डोलवत होती. मग तो प्रसंग आला. ऑपरेटर मुलींनी कामाची पाळी संपेपर्यंत बोर्डावरून उठायचं नाही असा साहेबांचा हुकूम होता. शेजारची मुलगी घेरी येऊन पडली. आत्या उठली, तिला सावरलं, पाणी पाजलं. तेवढ्यात कुण्या बड्या माणसाचा फोन तुटला. त्याने तक्रार केली. सपाट आवाज वाचत होता: 'साहेब म्हणाले, मी लाइन जोडून देतो, त्यांची माफी मागा. सगळ्या मुली बघत होत्या. मी माफी मागितली आणि ते प्रकरण तिथेच मिटलं.' पुढे, 'दुसऱ्या आठवड्यापासून मला रात्रपाळी लागली.'

आत्याची मान डोलायची थांबली.

थोड्या वेळाने तिने हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. "चल घरी."

"अगं, अजून अर्धं आहे."

"मला वाटत होतं मी त्याला चांगलं सुनावलं," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते."

"मग सुनावलंच असशील."

"पुस्तकात आहे ना, माफी मागितली म्हणून. मीच लिहिलंय. तेव्हा डोकं ठिकाणावर होतं. आता काय, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही." ती उठली. "असेल. मागितली असेल. पोटासाठी माणूस काय काय करतं."

'असेल' हा शब्द आत्याच्या तोंडून भाचीने जन्मात ऐकला नव्हता.

त्यानंतरचे दिवस घरात विचित्र गेले. दूधवाल्याने पाणी घातलेलं दूध दिलं, आत्या काही बोलली नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी दुपारी भिंतीत खिळे ठोकले, ती काही बोलली नाही. भाचीने मुद्दाम आमटी खारट केली. "छान झालीय," आत्या म्हणाली आणि निमूट जेवली. तेव्हा मात्र भाची स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिली. आत्या म्हातारी होईल, आंधळी होईल, हे तिने गृहीत धरलं होतं. ती गरीब गाय होईल, हे तिच्या हिशेबात कुठे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर पोचल्याबरोबर तिने आत्याच्या पुस्तकाचा नंबर घातला आणि ते पान उघडलं. एकसष्टावं. फोटोत पान स्वच्छ पांढरं होतं, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातून एक काळा अंगठा आत आला होता. पानं धरायला फोटोवाले रबराची काळी टोपणं घालत, तसलं टोपण घातलेला, चांगला जाडजूड अंगठा, शेवटच्या दोन ओळींवर आडवा पडलेला. 'बघत होत्या. मी' इथपर्यंत छापील अक्षरं दिसत होती. पुढे काळं. पुस्तक वीतभरही रुंद नव्हतं, त्यामुळे अंगठ्याने ओळीच गिळल्या होत्या.

उजवीकडे मजकुरात मात्र कुठेही खंड नव्हता. 'मी माफी मागितली आणि ते प्रकरण तिथेच मिटलं.' एकही शब्द पिवळा नाही. यंत्राने अंगठ्याखालचं वाचलं होतं.

तिने पानाच्या तळाशी बघितलं. पान पास करणाऱ्याचा नंबर तिथे असतो. तिचाच होता.

पानं कुणाच्याही वाट्याला कुठूनही येत, वर पुस्तकाचं नाव नसे. आत्याचं पान तिच्यासमोर आलं होतं, अंगठ्यासकट, आणि पिवळं दिसलं नाही म्हणून तिने बटण दाबलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या वेळी राग काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं. ती उठली आणि साहेबांकडे गेली.

साहेबांनी फोटो बघितला, मजकूर बघितला. "पण वाक्य व्यवस्थित आहे, ताई. अर्थ लागतोय."

"अर्थ लागतोय हेच तर दुखणं आहे. तिथे अंगठा आहे, साहेब."

"दिसतोय मला. पण असे किती अंगठे असतील? एक टक्कासुद्धा नाही."

"मग तिथे 'वाचता येत नाही' असं लिहू द्या मला."

"ऐकणाऱ्याचा रसभंग होतो. शिवाय त्या पुस्तकाचं काम आता बंद झालंय. उघडायचं तर मूळ प्रत लागेल."

"मूळ प्रत तुम्ही रद्दीत घातलीत."

"लगद्याला दिली," साहेबांनी हळुवारपणे सुधारलं. "किंवा मग लेखकाची लेखी तक्रार."

"लेखिका माझ्या घरी आहे."

"अरे वा. मग प्रश्नच मिटला. त्यांना म्हणावं, तिथे काय होतं ते लिहून द्या."

प्रश्न कसा मिटलाय ते तिने संध्याकाळी घरी बघितलं. तिने आत्याला सगळं सांगितलं, अंगठा, यंत्र, सगळं. फक्त पान कुणी पास केलं तेवढं सांगितलं नाही. आत्या ऐकत होती, हात मांडीवर जोडून.

"म्हणजे ते वाक्य माझं नाही?"

"नाही. यंत्राने मनाने घातलंय."

"मग माझं कुठलं?"

"तेच तर तुला विचारतेय. आठव ना. साहेब म्हणाला माफी माग. मुली बघत होत्या. तू काय केलंस?"

आत्याने प्रयत्न केला. तिचे हात हवेत गेले, थांबले, परत मांडीवर आले. "नाही गं येत," ती म्हणाली. "आता आठवायला गेले की तेच वाक्य आठवतं. त्या सपाट आवाजात."

"तक्रार तरी देऊ. हे माझं नाही एवढं लिहू."

"आणि माझंच निघालं तर? मशीनने ओळखलं असेल बरोबर. मागितलीच असेल मी माफी." आत्याने तोंड फिरवलं. "राहू दे, पोरी. कुणाशी भांडायचं आता."

रात्रभर भाची कूस बदलत राहिली. सकाळी ती तळघरात गेलीच नाही, थेट वरच्या मजल्यावर गेली. फोटोवाला नुकताच येऊन दिवे लावत होता. रुंद खांद्यांचा, कायम कपाळाला आठी असलेला माणूस. त्याने उजव्या अंगठ्यावर काळं टोपण चढवलं तसं तिचं पित्त खवळलं.

"हा तो अंगठा," ती म्हणाली.

"कुठला अंगठा?"

"माझ्या आत्याच्या दोन ओळी खाल्ल्यात त्याने."

त्याला प्रकरण समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तोही तापला. "मग काय अंगठा कापून देऊ? पान उडतं बाई. पंखा बंद करू देत नाहीत, मशीन तापतं म्हणून. पानावर दाबायला काच मागितली, काच देत नाहीत, वेळ जातो म्हणून. खाली तुम्हाला पानं कमी पडली की वर मला ओरडा. उजव्या हाताने पान दाबायचं, डाव्याने बटण मारायचं, दिवसभर. तुम्ही बसून वाचता, मी उभा असतो."

"बसून वाचतो म्हणजे मजा मारतो का आम्ही?"

"मी म्हटलं का तसं?"

ती आणखी एक तडाखा द्यायच्या बेतात होती, तेवढ्यात थांबली. "डाव्या हाताने काय म्हणालात?"

"बटण."

"म्हणजे डाव्या पानावर हात नसतो?"

"तिसरा हात कुठून आणू?"

एकसष्टावं पान उजवं. ते उलटलं की त्याच कागदाच्या पाठीवर बासष्टावं, आणि ते येतं डावीकडे. तिथे अंगठा नाही. आत्याने स्वस्तातला पातळ कागद वापरला होता. आणि पातळ कागदातून पाठची शाई दिसते, ज्या भुताला ती गेली कित्येक वर्षं शिव्या घालत आली होती.

"न धुतलेले फोटो असतात का तुमच्याकडे?" तिने विचारलं. तिचा आवाज आता एकदम खाली आला होता, आणि फोटोवाल्याला तो ओरडण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटला.

"कच्ची पानं? असतात, जागा भरेपर्यंत. मग पुसतो. आजच पुसणार होतो."

"हात लावू नका."

त्याने ते पुस्तक शोधून काढलं. बासष्टावं पान पडद्यावर आलं, न धुतलेलं, मळकट पिवळं. प्रकरण तिथे अर्ध्या पानातच संपलं होतं. खालचा अर्धा भाग कोरा होता, आणि त्या कोऱ्या भागात, फिकट करड्या रंगात, एकसष्टाव्या पानाचं भूत उभं होतं. फोटोवाल्याने न सांगता चित्र आरशासारखं पलटवलं, मग काळं जरा गडद केलं, आणखी जरा. "बास," ती म्हणाली. ती पडद्याजवळ सरकली आणि सवयीने शेवटच्या शब्दापासून सुरू झाली.

मागा.

म्हणजे माफीचंच काहीतरी आहे. क्षणभर तिला वाटलं, इथेच थांबावं, फोटोवाल्याला म्हणावं पुसून टाक. पण ओळ अर्धी सोडायची सवय तिला नव्हती. त्याच्या आधीचा शब्द फिकट होता, तिने डोळे बारीक केले. तुम्हीच. त्याच्या आधी, आता. त्याच्या आधी, म्हटलं. मग आणि. मग चढवला.

"चढवला?" फोटोवाला म्हणाला. तोही वाकून वाचत होता. "काय चढवला?"

"गप्प बसा जरा."

डोक्यावर. साहेबांच्या. काढला. हेडफोन. डोक्यावरचा.

ती मागे टेकली. मग आयुष्यात क्वचित करायची ती गोष्ट तिने केली, ओळ सरळ वाचली. 'मी डोक्यावरचा हेडफोन काढला, साहेबांच्या डोक्यावर चढवला आणि म्हटलं, आता तुम्हीच मागा.'

फोटोवाल्याच्या कपाळावरची आठी गेली होती. "तुमची सख्खी आत्या का?" त्याने विचारलं. "वाटलंच."

त्याने कच्च्या पानाची छापील प्रत काढून दिली. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, बाहेर कुणीतरी मोठ्याने गाडीचा भोंगा वाजवत होतं आणि आत्या ते नुसतं ऐकत होती. भाची तिच्यासमोर बसली आणि तिने कागद वाचला, सरळ, सावकाश.

आत्याचा हात वर गेला, हवेत चाचपडायला नव्हे, थेट स्वतःच्या कानाकडे. तिने कानामागून बोट फिरवलं. "घट्ट बसायचा तो," ती म्हणाली. "काढताना केस ओढून निघायचे. आणि त्याचं डोकं मोठं. बसेचना. मी दाबून बसवला." ती थांबली. "आणि वायर. माझ्या बोर्डाला होती ना वायर, ती पुरेना. त्याला वाकावं लागलं. एवढा मोठा साहेब, असा वाकून उभा, आणि सगळ्या मुली…" तिला हसू फुटलं, ते खोकल्यापर्यंत गेलं. भाचीने पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर आत्याचा चेहरा बदलला. भाचीने तो चेहरा ओळखला आणि तिला इतकं बरं वाटलं की ती जराशी मागे सरकून बसली.

"आणि मी माफी मागितली असं तुला वाटलं?"

"मला कुठे वाटलं? तूच म्हणालीस, असेल म्हणून."

"मी म्हातारी आहे, मी म्हणेन काहीही. तुला काय झालं होतं? माझ्या घरात वाढलीस ना?"

"आत्या, एक सांगायचं राहिलं." भाची म्हणाली. "ते पान मीच पास केलं होतं. अंगठा होता, तरी. बघितलंच नाही मी."

बाहेर भोंगा परत वाजला. आत्याने खिडकीकडे मान वळवून दणदणीत आवाजात विचारलं, "काय रे, बाप मेला का त्या गाडीत?" भोंगा थांबला. मग ती परत भाचीकडे वळली.

"तक्रारीत तुझंही नाव घालायचं," ती म्हणाली. "ऊठ. माझी चांगली साडी काढ."

साहेबांनी आत्याचं स्वागत फार छान केलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं, भुताचा कागद दोनदा बघून "कमाल आहे" म्हणाले. टेबलावर त्यांचा स्वतःचा हेडफोन होता, त्यातून त्यांनी आत्याला तो भाग पुन्हा एकदा ऐकवला, म्हणजे तक्रार नेमकी कशाबद्दल आहे ते स्पष्ट होईल. 'मी माफी मागितली आणि ते प्रकरण तिथेच मिटलं.' आत्या शांतपणे ऐकून घेत होती.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "काढा. माझं घाला."

"नक्की घालू, आजी. तुमचा अर्ज मी वर पाठवतो. एक समिती आहे, ती बघते. थोडा वेळ जाईल, पण तुम्ही काळजी करू नका. एकाच वाक्याचा तर प्रश्न आहे. बाकी अख्खं पुस्तक बघा, नव्याण्णव टक्के तुमचंच आहे."

"आणि उरलेला एक टक्का मी साहेबाची माफी मागतेय."

साहेब हसले. "तसं नाही म्हणायचं मला."

"समितीचं होईपर्यंत लोक काय ऐकणार?"

"तोवर… म्हणजे जे आहे तेच राहील."

"म्हणजे तोवर मी माफी मागत राहायची."

"आजी, तुम्ही जरा शांतपणे विचार केलात तर," साहेब टेबलावरून पुढे वाकून अगदी मायेने म्हणाले, "अंगठा फार छोटी गोष्ट आहे."

आत्याने विचार केला. निदान तसं दिसलं तरी. मग ती खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली. डोक्यावरचा हेडफोन काढून तिने दोन्ही हातांत धरला, त्याची कमान बोटांनी ताणून बघितली आणि टेबलाच्या कडेला पोट टेकवून उभी राहिली.

"साहेब," तिने विचारलं, "तुमचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

साहेबांनी भाचीकडे बघितलं.

"जरा डावीकडे, आत्या," भाची म्हणाली.